लॉजचा गेम संपला, वहिनी

वहिनी, काल दुपारी लॉजचा गेम संपला. आईच्या चहाच्या वेळेआधी संपला, म्हणजे आई उठायच्या आत आवरायचं हा तुझा नियमही मोडला नाही. हे आधी सांगून टाकते, बाकीचं रडगाणं नंतर. कुणी गोष्ट फिरवून फिरवून सांगायला लागलं की तू म्हणायचीस, "मुद्द्याचं बोल की बे." नणंदेला 'बे' म्हणणारी भावजय मी दुसरी पाहिली नाही. चारचौघांत मी तुझी 'ताई' आणि तू माझी 'वहिनी, तुम्ही'. खोलीचं दार लोटलं की मी वैशी आणि तू नुसती तू.

लोक अजून भेटायला येतात. आईजवळ बसतात, तुझं कौतुक करतात. सुगरण होती म्हणे. कधी उलटून बोलली नाही म्हणे. डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही म्हणे. मी पाण्याचे तांबे नेऊन ठेवते आणि ऐकून घेते. तुझी पुरणपोळी तव्यावर फाटायची आणि तू ती दुमडून दादाच्या ताटात अशी वाढायचीस की जणू तशीच करायची रीत आहे. उलटून बोलायचं म्हणशील तर रोज दुपारी बोलायचीस, जो समोर नाही त्याला. लोक जिच्यासाठी रडतात ती बाई चांगलीच होती, माझं काही म्हणणं नाही. पण मला हवी आहे ती दुसरी. तिच्याबद्दल बोलायला मला ह्या घरात कुणी नव्हतं, म्हणून तुझ्याशीच बोलते.

तू उमापूरहून लग्न होऊन आलीस तेव्हा रुखवतात लाडू होते, करंज्या होत्या, लोकरीचं तोरण होतं, थर्माकोलचं देऊळ होतं आणि त्या देवळाला टेकून ते गेमचं काळं मशीन होतं. तुझ्या भावाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्यानं स्वतःला नवं घेतलं आणि जुनं बहिणीला दिलं. आमच्याकडच्या बायका वाकून वाकून बघत होत्या. कुणी म्हणालं डिशचा डबा असंल, कुणी म्हणालं स्टॅबिलायझर. आईनं विचारलं, "ह्येचं काय करायचं असतं?" तू खाली मान घालून म्हणालीस, "टीव्हीला लावायचं असतं, आत्याबाई." एक अक्षर खोटं न बोलता काहीच न सांगण्याची तुझी कला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली आणि मनात म्हटलं, हिच्याशी आपलं जमणार.

लॉजचा गेम हे नाव आपलं. डिस्कवर इंग्रजीत काहीतरी भारदस्त नाव होतं. कितीतरी वर्षं त्याचे भाग निघतायत. प्रत्येक भागात डोंगरावरचं तेच जुनं लॉज असतं, येणारा माणूस फक्त नवा. तो हरवलेल्या कुणालातरी शोधत येतो, आणि लॉजच्या खोल्या त्याच्या मनातलं बघून स्वतःला तशा मांडून घेतात. एका दारामागं त्याची शाळा निघते, दुसऱ्यामागं आईचं स्वयंपाकघर. आणि कुणीतरी एकजण त्याच्या मागं मागं फिरत असतो. हातात बंदूक नाही, काठी नाही. एकतर पळायचं, नाहीतर लपायचं, नाहीतर थांबून वळायचं आणि त्याच्याकडं बघायचं. आपण कसं खेळतो ते गेम लक्षात ठेवतो आणि तो मागचा तसा बदलत जातो. त्याचं नाव तू ठेवलंस. लॉज आहे म्हटल्यावर पाव्हणा आलाच. "पाव्हणं यायलेत," असं तू कुजबुजलीस की मी तुझा पदर धरायचे आणि त्याच वेळी हसूही यायचं.

एकदा आईनं आपलं बोलणं ऐकलं होतं. "आज लॉजवर जायचं का लवकर?" असं तू मला विचारलं होतंस. आईनं संध्याकाळपर्यंत दोघींशी अबोला धरला. शेवटी तू तिला हाताला धरून टीव्हीसमोर बसवलंस आणि ती लांबलचक अंधारी बोळ दाखवलीस. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "येवढं मोठं लॉज आन एक गिऱ्हाईक न्हाई." उठून गेली. त्यानंतर तिनं कधी काही विचारलं नाही.

आपली खेळायची पद्धत कुणाला सांगितली तर लोक वेड्यात काढतील. कंट्रोलर तुझ्या हातात. इंग्रजी माझ्याकडं, कारण अंबाजोगाईला जाऊन बी.ए. मी केलं होतं. पाव्हणा बोलायचा ते खाली इंग्रजीत उमटायचं आणि मी तुला सांगायचे. सुरुवातीला मी पुस्तकी सांगत होते, "तू येथे का आला आहेस?" तू म्हणालीस, "अशानं भ्या वाटत न्हाई. आपल्यात सांग." मग मी त्याच्या तोंडी आपली बोली घातली. "कावून आलास बे हितं? तुला कुणी बोलिवलतं?" आणि वहिनी, खरंच अंगावर काटा आला. परक्या देशातलं भूत एकदम आपल्या ओसरीवर येऊन बसल्यासारखं झालं. तू कंट्रोलर मांडीवर ठेवून म्हणालीस, "आता बरोबर."

आणि ते इयरफोन. आई शेजारच्या खोलीत पडलेली असायची, म्हणून टीव्हीचा आवाज बंद. एकच इयरफोन, त्याचं डावं बोंडूक तुझ्या कानात, उजवं माझ्या. गेम करणाऱ्यांनी आवाज दोन कानांत वाटून दिलेला असतो हे आपल्याला फार उशिरा कळलं. तुला ऐकू यायचं ते मला यायचं नाही. पायऱ्या तुझ्या कानात वाजायच्या आणि दार माझ्या कानात करकरायचं. तू, "माझ्याकडून कुणीतरी यायलंय." मी, "माझ्याकडं काय न्हाई, इकडं वळ." असं एकमेकींना विचारत विचारत आपण भागच्या भाग पार केले. तुझ्या भावाला हे सांगितलं तेव्हा तो फोनवर खो खो हसला. म्हणाला, दोन इयरफोन लावायची वायर मिळते, पाठवून देतो. तू म्हणालीस, "नको. मग हिला काय इचारायचं मी?"

आपलं भांडण मात्र तसंच राहिलं. मागच्या भागाच्या शेवटाचं. त्यातला माणूस भावाला शोधत आलेला. शेवटच्या खोलीत पाव्हणा खुर्चीवर बसलेला आणि त्याच्यासमोर एक रिकामी खुर्ची. बस, नाहीतर दार उघडून निघून जा. मी ओरडत होते, निघ म्हणून. जिवंत माणसानं जगायचं असतं, एवढं सोपं आहे ते. आणि तू बसवलंस त्याला. लॉजचे दिवे विझले, नावं वर सरकायला लागली आणि तो माणूस काही बाहेर आला नाही. मी इतकी चिडले की तुझ्याशी धड बोलले नाही. "मारलंस तू त्याला," मी म्हणाले. तू म्हणालीस, "मेला न्हाई बे. बसलाय. एवढ्या लांबून कुणीतरी आपल्या मागं मागं आलंय, तर त्याला काय म्हणायचंय ते तरी ऐकावं." मी म्हणाले, ऐकून काय होणार? तू म्हणालीस, फुडच्या भागात कळंल. तेव्हापासून भाजी निवडताना, शेळ्यांना पाला टाकताना, कधीही विषय निघायचा. तू त्याला बसलेला म्हणायचीस, मी मेलेला. पुढचा भाग येईपर्यंत दोघींपैकी कुणीच हार मानणार नव्हतं, आणि पुढचा भाग काही केल्या येत नव्हता.

तो निघाला आणि तुझ्या भावानं पार्सलनं पाठवला, तेव्हा तू दवाखान्यात होतीस.

साध्या तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता तुला अंबाजोगाईला हलवावं लागलं, त्याचं मी काही सांगत बसत नाही. तुला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला आठवतं ते एवढंच की दादा वॉर्डच्या दाराशी उभा असायचा. येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचा, "काय न्हाई झालं. ताप हाय. हुईल बरी." चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती. मला त्याचा राग यायचा. मी उशाशी बसले की तू बोटानं खूण करून मला खाली वाकवायचीस. शेवटचं वाकवलंस तेव्हा विचारलंस, "पार्सल आलं का?" मी म्हणाले, नाही अजून. "आलं तर फोडू नको. मी आल्यावर फोडू."

एवढंच. माझ्याशी तू ह्याहून मोठं काही बोलली नाहीस. लोक शेवटच्या शब्दांच्या काय काय गोष्टी सांगतात. माझ्या वाट्याला पार्सल आलं.

तुला शेवटचं घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला आला. अंगणात भावकी बसलेली. त्यानं गाडीवरूनच तुझं नाव घेऊन विचारलं, कोण हाय? सगळे गप्प. त्या गप्प बसण्यावरूनच त्याला कळलं असावं, कारण त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मी पुढं होऊन पार्सल घेतलं आणि तुझ्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिलं. टीव्हीवर आईनं आधीच चादर टाकली होती. सुतकात टीव्ही लावत नाहीत, आणि तसंही कोण लावणार होतं?

दहाव्याला सगळे नदीवर गेलो. भात, दही, पिंड, सगळं दगडावर मांडून झालं आणि सगळे मागं सरकून उभे राहिले. बाभळीवर कावळे होते. येत मात्र नव्हते. आपल्याकडची समजूत तुला माहीत आहे. कावळा शिवला नाही म्हणजे जाणाऱ्याचं मन कशाततरी अडकलंय, ते ओळखायचं आणि घरच्यांनी शब्द द्यायचा. माणूस म्हातारा असला की सोपं असतं. नातवाचं लग्न करू म्हणायचं, जमिनीचं भांडण मिटवू म्हणायचं, की कावळा येतो. तुझ्या वेळी सगळे एकमेकांकडं बघायला लागले. इतकी वर्षं घरात वावरलेल्या बाईला काय हवं असेल ते कुणालाच सुचेना. ते बघून मला तू गेल्यापेक्षाही जास्त वाईट वाटलं, खरं सांगते.

आई पुढं झाली. हात जोडून म्हणाली, "लेकी, कधी काय बोलले असंल तर मनात धरू नको." कावळ्यानं चोच फांदीला घासली. तुझे वडील म्हणाले, "तुझ्या आईला मी संभाळतो, तू घोर करू नको." काही नाही. मग दादा पुढं आला. पंचा सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी दुसरं लगीन करणार न्हाई." भावकीत कुजबुज झाली. थोरले काका म्हणाले, "काय बोलायलास बे हे? वय काय तुजं?" दादानं मागं वळूनही पाहिलं नाही. तो बाभळीकडं बघत उभा राहिला. आम्ही सगळेच बघत होतो. कावळे जागचे हलले नाहीत.

ऊन चढलं. गुरुजींनी दर्भ हातात घेतला, दर्भाचाच कावळा करून शिववतो म्हणाले. असंच करतात, त्यात गैर काही नाही. पण मला ते सहन होईना. मला माहीत होतं ना तुला काय हवं होतं. बायका मागं बसलेल्या, त्यातून मी उठले. इतक्या माणसांत, पांढरी टोपी घातलेल्या सगळ्या काका-आजोबांसमोर, मी तुला तुमी-बिमी न म्हणता म्हणाले, "वहिनी, पार्सल मी फोडते. तू न्हाईस तरी फोडते. शेवटपर्यंत खेळते. आन पळत न्हाई."

मग एक कावळा खाली उतरला, दोन उड्या मारल्या आणि भातात चोच घातली. पाठोपाठ दुसरा आला. कुणीतरी नाक ओढलं. मागून कुणीतरी विचारलं, "कसलं पार्सल?" मी असल्या गोष्टींवर फार विश्वास ठेवणारी नाही, तुला माहीत आहे. कावळ्याला भूक लागली असेल, गर्दी मागं सरकली असेल, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण शब्द तर मी दिला होता, आणि तो भावकीच्या समोर दिला होता.

परतताना सगळे दादाच्या शब्दालाच कावळा आला असं म्हणत होते. उशिरा का होईना आला, असं. दादाला मात्र माहीत होतं कधी आला ते. त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला. ताट वाढलं की खाली मान घालून जेवायचा. तुमच्या खोलीत तर तो पाऊलच टाकत नव्हता. ओसरीवर झोपायचा, कपडे आईकडून मागवून घ्यायचा. एकदा सकाळी गोठ्यात त्यानं विचारलं, "त्या पार्सलात काय होतं?"

"गेम," मी म्हणाले.

"गेम," तो म्हणाला. शेळीचं दावं खुंट्याला बांधलं, पुन्हा सोडलं, पुन्हा बांधलं आणि निघून गेला. मला तेव्हा कळलं की ह्या माणसानं आपलं उरलेलं सगळं आयुष्य त्या दगडावर नेऊन ठेवलं होतं आणि कावळ्यानं त्याच्याकडं ढुंकून पाहिलं नव्हतं.

तेरावा झाला. पाहुणे गेले. टीव्हीवरची चादर आईनंच काढली. दुपारी ती पडली तेव्हा मी तुमच्या खोलीत गेले, पार्सल फोडलं, मशीन लावलं. सवयीनं गादीच्या उजव्या बाजूला बसले. मग लक्षात आलं की कंट्रोलरही मीच धरायचा आहे. इयरफोन दोन्ही कानांत घातले आणि वहिनी, मला रडू फुटलं ते तिथं. चितेजवळ नाही, नदीवर नाही, तिथं. मी पहिल्यांदा अख्खं लॉज ऐकत होते. डावीकडं पाणी ठिबकत होतं. ते आधीही ठिबकत असणार, सगळ्या भागांत, आणि ते फक्त तुला ऐकू येत होतं. मी डावं बोंडूक काढून गादीवर ठेवलं आणि एका कानानं खेळले. त्यापायी पाव्हण्यानं मला किती वेळा गाठलं असेल ते विचारू नकोस.

ह्या वेळी एक मधल्या वयाची बाई आहे. तिची मैत्रीण ह्या लॉजवर आली आणि परतलीच नाही. पहिल्याच दिवशी मी पळाले. बोट आपोआप त्या बटणावर गेलं. मग तुझी माफी मागितली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. हळूहळू थांबायला शिकले. तू कशी थांबायचीस ते आठवायचं. श्वास रोखायचीस, जीभ दातात धरायचीस आणि सावकाश वळायचीस, कुणी हाक मारल्यावर वळावं तशी. रोज दुपारी थोडं थोडं खेळायचे. शेवटचा मजला आला तशी मी बघून झालेल्या खोल्या उगाच पुन्हा उघडत फिरायला लागले. संपलं की तुझ्याशी बोलायचं कामच उरणार नाही, असं वाटत होतं. शब्द शेवटपर्यंतचा होता आणि मला शेवट नको होता.

काल बाजाराचा दिवस. दादा काही शेळ्या विकायला घेऊन गेला होता आणि लवकर परतला. मी खेळत होते. दारात सावली पडली म्हणून बघितलं तर तो उंबऱ्याबाहेर उभा. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. म्हणाला, "वैशे, खरं सांग. तिला माझ्याकडून काहीच नको होतं का?"

वहिनी, तू हे ऐकायला हवं होतंस. दादाला तू ओळखतेस. मारक्या बैलाच्या शिंगाला हात घालणारा माणूस, निवडणुकीत दोन्हीकडच्या लोकांना घरात बसवून गप्प करणारा. त्याचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. तुमच्या दोघांत काय होतं ते मला काय माहीत? मी एवढंच म्हणाले, "आत ये. बस."

तो स्वतःच्याच खोलीत परक्यासारखा गादीच्या कडेला बसला. डावीकडं. तिथं पडलेलं बोंडूक उचलून त्यानं विचारलं, "ह्ये काय?" मी म्हणाले, कानात घाल. मग सुरू झाला. "ही कोण? हिला लायटी लावता येत न्हाईत का? एकटी बाई कावून गेली असल्या जागी? दार तर लावून घे म्हणावं." मी एका हातानं त्याला गप्प करत होते आणि दुसऱ्यानं चालत होते. शेवटची बोळ आली. मग तो एकदम थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "माझ्याकडून कुणीतरी यायलंय."

तुझं वाक्य होतं ते. मी शब्द दिल्याप्रमाणे पळाले नाही. थांबले आणि सावकाश वळले. आणि पाव्हणा पाठीला लागूनच उभा होता, पडदाभर नुसतं त्याचं तोंड. दादा "आये!" करून ओरडला. असा ओरडला की गोठ्यातल्या शेळ्या बें बें करायला लागल्या. त्यानं माझं मनगट आवळून धरलं आणि कंट्रोलर खाली पडला. शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हणाले, "काय न्हाई आई, पाव्हणं आलेत."

मला हसू आवरेना. दादा घामेजला होता, मिशीवर घाम. आणि त्या हसण्यातच मला उत्तर सापडलं. तू एकदा शेंगा फोडत बसली होतीस. त्याच सकाळी दादानं विळ्यानं हात कापून घेतला होता आणि त्यावर माती लावून पुन्हा कामाला गेला होता. तू म्हणाली होतीस, "तुझा भाऊ कशालाच भीत न्हाई बघ. येकदा ह्या माणसाला घाबरलेलं बघायचंय मला. मंजी कळंल तरी ह्येला कशाचं काय वाटतं ते." मी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. काल ते दादाला जसंच्या तसं सांगितलं. म्हणाले, "तिला तुझ्याकडून हे हवं होतं, दादा. दुसरं काही म्हणाल्याचं मला आठवत न्हाई."

त्यानं मिशीवरचा घाम पुसला. पडद्यावर पाव्हणा आपल्या खुर्चीवर जाऊन बसला होता. समोर रिकामी खुर्ची. दादानं विचारलं, "आता काय करायचं असतं?" मी त्याला आपलं भांडण सांगितलं. मी निघ म्हणायचे, तू बस म्हणायचीस. "मग बस," दादा म्हणाला.

मी बसले. बाई बसली, म्हणजे. पाव्हणा बोलायला लागला आणि खाली अक्षरं उमटली. मी दादाला आपल्या बोलीत सांगितलं, "लई येळ उभा होतो. कुणी बस म्हणलं न्हाई." एवढंच बोलून पाव्हणा उठला, वहिनी. तोच उठला. दार उघडून तोच निघून गेला. खोलीत उजेड आला, आणि बाई खुर्चीवर तशीच बसलेली, जिवंत. म्हणजे तू बरोबर होतीस. तो मागच्या भागातला माणूसही मेला नव्हता, बसला होता. इतकं जुनं भांडण तू जिंकलीस आणि मला चिडवायला तू नाहीस. हार मानायला मी तयार आहे, पण ती कुणापुढं मानू?

नावं वर सरकायला लागली. दादाच्या कानात अजून ते बोंडूक होतं. त्यात वाजत असेल ते त्यालाच ऐकू येत होतं. तो पडद्याकडं बघत म्हणाला, "दवाखान्यात मी लई घाबरलतो, वैशे."

मी कंट्रोलर खाली ठेवला.

"ती बघायची माझ्याकडं. डोळ्यानंच इचारायची. मी उठून दाराकडं जायचो. म्हणलं, मला असं बघितलं तर ती धीर सोडंल. तिला दिसू दिलं न्हाई मी." आणि मग तो रडला. तू गेल्यापासून पहिल्यांदा, तोंडावर पंचा न घेता रडला. आई येऊन दारात उभी राहिली आणि काही न विचारता परत गेली.

गेम संपल्याचं सांगायला मी लिहायला बसले होते. पण सांगायचं होतं ते हे. तो वॉर्डच्या दाराशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला काय न्हाई झालं, काय न्हाई झालं म्हणत होता ना, तेव्हा तुझा नवरा भीतीनं पार गळाठला होता, वहिनी. तुला जे बघायचं होतं ते तिथं दारातच उभं होतं.